सगळी गाणी सारखीच वाटतात? मग आधी अंगठा ऐक

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा अमळनेरचा, कॉलेजात आहे, दीडदोन वर्षं गिटार शिकतोय, कॉर्ड आणि स्ट्रमिंग जमतं. मित्राने एका नवीन फोक गिटारवाल्याचा पहिलावहिला अल्बम पाठवला, ११ ट्रॅक, ३८ मिनिटं, त्यात फक्त दोन ठिकाणी गाणं, बाकी नुसती गिटार. दोनदा ऐकला आणि दोन्हीवेळा "हॉटेलात मागे चालू असतं तसं" वाटलं. तर यात ऐकायचं काय असतं, हा माणूस खरंच चांगला आहे का, आणि आपल्या अहिराणी गाण्यांचं असं काही होऊ शकेल का.

मी जळगावला गिटार शिकवतो आणि घरातल्याच एका खोलीत थोडंफार रेकॉर्डिंगही करतो, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो. अल्बम मी पूर्ण ऐकला. वाजवणाऱ्याचं नाव इथे घेत नाही कारण पोरगा नवीन आहे आणि मी पुढे चार गोष्टी खटकल्या म्हणून लिहिणार आहे, त्या त्याच्या नावाला कायमच्या चिकटायला नकोत. आणि तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

सगळं सारखं का वाटलं ते आधी. तू कॉर्डवाला आहेस, म्हणजे तुझा कान आपोआप दोन गोष्टी शोधतो, आता कुठली कॉर्ड आली आणि गाण्याची चाल काय आहे. या अल्बममध्ये कॉर्ड फार बदलतच नाहीत, काही ट्रॅकमध्ये तर तीन मिनिटं जवळजवळ एकाच ठिकाणी बसून राहतो, आणि चाल अशी समोर येऊन उभी राहत नाही, ती खालच्या तारांच्या मधून मधून डोकावते. ड्रम नाही, बेस नाही, कोरस येणार म्हणून वाट बघावी असं काही नाही. मग कान म्हणतो काही घडतच नाहीये. घडतंय भरपूर, पण उजव्या हातात घडतंय, आणि तू डावा हात ऐकतोयस. माझं सगळं उत्तर खरंतर एवढंच आहे की असा अल्बम ऐकताना पहिल्यांदा वाजवणाऱ्याचा अंगठा ऐकायचा. तो पकडला की बाकी आपोआप सुटं सुटं ऐकू यायला लागतं.

पण अंगठा ऐकू येण्यासाठी तो स्पीकरमधून बाहेर तर यायला पाहिजे ना. तू मोबाईलच्या स्पीकरवर ऐकला असशील अशी मला दाट शंका आहे. गिटारची सगळ्यात जाड तार, सहावी, ई ला लावलेली, ती साधारण ८२ हर्ट्झला वाजते, पाचवी ११० ला, चौथी १४७ च्या आसपास. मोबाईलचा स्पीकर एवढ्या खाली जातच नाही, दोनतीनशेच्या खाली त्याचा आवाज पार गळतो. तरी तुला खालची तार ऐकू आल्यासारखी वाटते कारण तिचे वरचे स्वरांश ऐकू येतात आणि मेंदू बाकीचं भरून काढतो, पण तिचं वजन जातं. म्हणजे ज्या अंगठ्यावर हा सगळा अल्बम उभा आहे तोच तुझ्यापर्यंत पोचला नाही, वरची किणकिण तेवढी पोचली. ती किणकिण अकराही ट्रॅकला सारखीच वाटणार, त्यात तुझी काही चूक नाही. तीनचारशे रुपयांचा वायरवाला इअरफोन लाव, त्याच्यानेही फरक पडेल.

दुसरं म्हणजे आवाज वाढव. आपल्याकडे लग्नसराईत अहिराणी गाण्यांवर जो डीजे चालतो ती गाणी मास्टर करताना, म्हणजे शेवटचा आवाज बसवताना, अशी दाबून सपाट केलेली असतात की पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत आवाज एकाच उंचीवर. एकट्या गिटारचं तसं नसतं, तार छेडल्याचा ठोका मोठा असतो आणि मागची लहर त्याच्या मानाने खूपच बारीक. स्पॉटिफायसारखे ॲप सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणायला बघतात, पण सरासरी पातळी सारखी केली तरी या लहरी बारीकच राहतात. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये घरात कूलर चालू असतो, त्याच्या घरघरीत या अल्बममधलं अर्धं तरी बुडतंच. मी तरी असलं काही सकाळी कूलर लावायच्या आत ऐकतो. चाळीसगाव-धुळे पॅसेंजरमध्ये बसून ऐकायचा हा माल नाही.

आता अंगठा. फोक फिंगरपिकिंगमध्ये साधारण असं असतं की उजव्या हाताचा अंगठा खालच्या तीन जाड तारा सांभाळतो, एक खाली एक वर, एक खाली एक वर, न थांबता, आणि तर्जनी-मध्यमा-अनामिका वरच्या पातळ तारांवर चाल काढतात. गावाकडे आजीला जात्यावर बसलेलं बघितलं असशील, जातं आपल्या लयीत फिरत राहतं आणि ओवी त्याच्यावर कधी आधी कधी नंतर येते, जात्याला काही फरक पडत नाही, तसा हा अंगठा. ओवी जात्याच्या ठोक्यावरच बसवली तर ती पाठ म्हटल्यासारखी वाटेल. इथेही तेच, बोटांची चाल अंगठ्याच्या ठोक्याच्या जरा आधी किंवा दोन ठोक्यांच्या मधे पडते आणि त्या मधल्या जागेतच सगळी मजा आहे.

तर एक काम कर. दुसरा ट्रॅक लाव, तो सगळ्यात सरळ आहे. चाल ऐकूच नको, मुद्दाम सोडून दे. फक्त खालचं धुम्-धुम्-धुम्-धुम् पकड आणि पायाने ठोका धर. दीडेक मिनिटाने डावा हात मानेवर वरती सरकतो, चाल एकदम वर जाते, तिथे बघ अंगठा हलतो का. नव्या वाजवणाऱ्याचा तिथे हमखास हलतो, कारण डाव्या हाताला अवघड काम आलं की उजवा हात थबकतो, मी रोज क्लासमध्ये बघतो. याचा हलत नाही. आणि तरी तो मेट्रोनोमसारखा, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रासारखा, कोरडाही नाही, ओळ संपताना किंचित सैल सोडतो आणि पुढच्या ओळीला परत धरतो. हे शिकवून येत नाही, हे खूप लोकांसमोर खूप वेळा वाजवून येतं. माणूस चांगला आहे का या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ट्रॅकमध्येच मिळालं.

अंगठ्याचे प्रकारही असतात. पाचव्या ट्रॅकला खालच्या तारा लांबत नाहीत, ठुक् ठुक् असा बंद आवाज येतो, तिथे त्याने तळहाताची कडा पुलाजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे, तारांवर टेकवलेली आहे. सहाव्याला तळहात उचललेला, तारा मोकळ्या, म्हणून तो ट्रॅक एकदम मोठ्या जागेत वाजवल्यासारखा वाटतो. खोली तीच आहे. हा फरक लागोपाठ दोनदा ऐकलास तर "सगळे सारखे" मधले दोन तरी कायमचे वेगळे होतील.

आणि अंगठा खाली, बोटं वर हा काही देवाने घालून दिलेला नियम नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाची एलिझाबेथ कॉटन नावाची बाई होती, डावखुरी, तिने उजव्या हाताची गिटार तारा न बदलता तशीच उलटी धरली. त्यामुळे तिचं सगळंच उलटं, खालच्या तारा बोटांकडे आणि चाल अंगठ्याकडे. लोकांच्या घरी कामाला होती, मधली कित्येक वर्षं गिटारला हात नव्हता. तिचा पहिला अल्बम फोकवेज कंपनीने १९५८ मध्ये काढला तेव्हा तिची साठी उलटली होती आणि त्याचं रेकॉर्डिंग तिच्या घरीच झालं होतं. ते कधी ऐकलंस तर चालीला एक वेगळाच जाड, गोल आवाज लागेल, अंगठ्याचं मांस आहे ते. आजही जगभर फिंगरपिकिंगवाले तिची नक्कल करतात आणि सरळ धरलेल्या गिटारवर ती पूर्ण जमतच नाही.

पुढे ट्यूनिंग. तिसरा, सातवा आणि दहावा ट्रॅक तुला एकमेकांत मिसळल्यासारखे वाटले असतील तर ते स्वाभाविक आहे, तिघांचं ट्यूनिंग एकच आहे. नेहमीचं ई ए डी जी बी ई नाही, तर डी ए डी जी ए डी, लोक त्याला एका शब्दात डॅडगॅड म्हणतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्ही ग्रॅहम नावाच्या इंग्लिश गिटारवाल्याने हे रुळवलं, मोरोक्कोला गेला असताना तिथल्या ऊद नावाचं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांबरोबर वाजवायला बरं पडावं म्हणून, असं सांगतात. पुढे ते आयरिश आणि स्कॉटिश गाण्यांत असं घुसलं की आता तिकडचंच वाटतं.

आपल्या कानाला ते पटकन का पटतं ते बघ. डी ला सा धर. मग सहा तारा झाल्या सा, प, सा, म, प, सा. तंबोराच झाला की हा जवळजवळ, मधे एक म घातलेला. यात ग नाही, ना शुद्ध ना कोमल, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तर मेजर की मायनर ते ठरतच नाही, हसरं आहे की उदास ते वरची चाल ठरवते. तिसऱ्या ट्रॅकला तो कोमल ग लावतो आणि दहाव्याला शुद्ध, खाली तोच तंबोरा. लागोपाठ ऐक ते दोन्ही. सातव्यात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आहे म्हणून सा वर चढला, बाकी बोटं त्याच घरात फिरतात.

लगेच "हे तर आपलं शास्त्रीयच" असं मात्र म्हणू नकोस. कॉमेंटमध्ये लोक म्हणतातच. खर्ज धरून ठेवायची सवय जगात बऱ्याच ठिकाणी आहे, स्कॉटलंडच्या पाईपमध्ये आहे, आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्यात आहे, सातपुड्यातल्या पावरीच्या, त्या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या, आवाजाभोवतीही कान तसाच गुंगतो. एका स्वरावर बसून राहिलं म्हणजे राग होत नाही. हा पोरगा राग वाजवत नाहीये आणि तसा दावाही करत नाहीये, आपण त्याच्या गळ्यात कशाला घालायचा.

आवाजाबद्दल आता, कारण तू लिहिलंयस की "मधे मधे चर्र चर्र येतं, रेकॉर्डिंग हलकं आहे का". ती चर्र म्हणजे डावं बोट गुंडाळलेल्या तारेवरून घसरतं त्याचा आवाज. वरच्या दोन तारा साध्या पोलादाच्या असतात, खालच्या चार तारांवर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते, त्या खाचांवरून बोट सरकलं की चर्र होणारच. रेकॉर्डिंग हलकं असतं तर ती ऐकूच आली नसती. इथे माईक जवळ आहे, माझ्या अंदाजाने बाराव्या फ्रेटच्या आसपास, वीतभर-दीड वीत लांब, कारण आवाज मोकळा आहे, गिटारच्या पोटातल्या भोकासमोर माईक धरला की जो ढब्ब असा फुगलेला आवाज येतो तो नाही. आणि पिकअप तर नक्कीच नाही, पुलाखालचा पिकअप, म्हणजे गिटारच्या आतच बसवलेला माईकसारखा भाग, थेट मशीनला जोडला की तारेला रबरासारखा आवाज लागतो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जो ऐकतोस तो. आठव्या ट्रॅकला सुरुवातीला खुर्ची करकरते आणि श्वास घेतलेला ऐकू येतो. मी असतो तर श्वास ठेवला असता, खुर्ची काढली असती, पण ते आपलं माझं.

आणखी एक गंमत. त्याच्या गिटारचा आवाज खाली भरीव आणि वर काचेसारखा आहे, बहुतेक पाठीचं लाकूड रोझवूड असावं, समोरची फळी स्प्रूस लाकडाची. रोझवूड म्हणजे फार लांबचं काही वाटतं ना, पण जगातल्या कित्येक भारी गिटारींना जे इंडियन रोझवूड लागतं ते आपलं शिसव, आजोबांच्या वेळचे पलंग आणि कपाटं ज्याची असायची ते. आधी ब्राझीलचं लाकूड वापरायचे, ते मिळेनासं झालं तशी मार्टिनसारख्या कंपनीने १९६९ च्या सुमारास आपल्याकडच्या लाकडावर उडी घेतली. अर्थात लाकडाने वाजवता येत नाही. ग्राहक दुकानात येऊन रोझवूड रोझवूड करतात आणि तारा वर्षभर बदललेल्या नसतात, तेव्हा मला हसू येतं.

"पहिला अल्बम आहे म्हणून सांभाळून घ्यायचं का" असंही तू विचारलंयस. कशाला सांभाळून घ्यायचं. पण पहिल्या अल्बमकडून काय मागायचं ते माहीत पाहिजे. फोकमध्ये पहिला अल्बम बहुतेकवेळा पैसे नसताना निघतो. बर्ट जॅन्श हा स्कॉटिश गिटारवाला, त्याचा पहिला अल्बम १९६५ चा, लंडनमध्ये बिल लीडर नावाच्या रेकॉर्डिस्टच्या घरी टेपवर केलेला, गिटार पण उसनी, आणि ट्रान्सअटलांटिक कंपनीने तो १०० पौंडाला घेतला. अमेरिकेत जॉन फाहीने १९५९ मध्ये स्वतःच कंपनी काढून अवघ्या १०० प्रती छापल्या, एका बाजूला आपलं नाव आणि दुसऱ्या बाजूला एका काल्पनिक आंधळ्या ब्लूजवाल्याचं (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं) नाव टाकलं, आणि पुढे १९६० च्या दशकात तोच अल्बम परत वाजवून काढला कारण तोपर्यंत हात सुधारला होता. हे दोन्ही अल्बम लोक आजही ऐकतात. म्हणजे खोलीचा आवाज, चर्र, टेपची सूं सूं याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते वेगळ्या गोष्टींनी आणि या अल्बममध्येही त्या आहेत. नवव्या ट्रॅकला दुसरी तार हळूहळू उतरत जाते, शेवटी चांगलीच बेसूर आहे, आणि तो टेक तसाच ठेवलाय. हे मला चालत नाही, तार उतरली तर परत वाजव, टेप काय पैसे मागते का आता. चौथ्या ट्रॅकला तार फ्रेटवर घासून भुर्र करते, ते जोरात वाजवल्याने नाही, ॲक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, फार कमी आहे म्हणून. आपल्याकडे भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात ४५ च्या पुढे पारा गेला की हे सगळ्यांच्या गिटारीला होतं, हवा कोरडी पडली की वरची फळी आकसून बसते, तारा खाली येतात, फ्रेटच्या कडा बाहेर येऊन हाताला टोचतात, आणि पावसाळ्यात बरोबर उलटं, फळी फुगते आणि तारा वर जातात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि मे महिन्यात आपल्याकडे ती स्वप्नातच. तो कुठला आहे कोण जाणे, पण हा ट्रॅक उन्हाळ्यात केला असेल तर मला नवल नाही वाटणार.

गाणं असलेले दोन ट्रॅक माझ्या मते सगळ्यात कच्चे. आवाज वाईट नाही, पण गाताना त्याचा अंगठा भितो. साथीला बसल्यासारखा मागे जातो, नुसते ठोके देतो, आणि गाणं थांबलं की परत जिवंत होतो. गाता-वाजवता एकाच वेळी दोन्ही हातात ठेवणं फार अवघड काम आहे, पुढच्या अल्बमला जमेल. तुला नेमके तेच दोन ट्रॅक "जरा बरे" वाटले असं तू लिहिलंयस, मला समजतं, शब्द असले की कानाला धरायला काहीतरी मिळतं.

पहिल्या अल्बममध्ये आणखी एक गोष्ट मी शोधतोच, उसनं काय आहे. नवा वाजवणारा ज्यांना ऐकून मोठा झाला ते लोक त्याच्या बोटांत दिसतातच आणि त्यात लाज नाही. जॅन्शच्या त्या पहिल्या अल्बमचा शेवटचा ट्रॅक डेव्ही ग्रॅहमने बांधलेला आहे, तोच डॅडगॅडवाला. बॉब डिलनच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये १३ पैकी फक्त २ गाणी त्याची स्वतःची. उसनं घेऊन तो ते कुठे मोडतो ते बघायचं. या पोराच्या पहिल्या ट्रॅकची अंगठ्याची चाल जुन्या ब्लूजवाल्यांची आहे, सरळ उचललेली, अर्धं मिनिट मला वाटलं झालं, अजून एक. मग त्याने तिसऱ्या ठोक्यावरचा खर्ज खाऊन टाकला. वाजवलाच नाही. पुढच्या फेरीत परत खाल्ला. आता ती चाल त्याची झाली, लंगडत चालणाऱ्या माणसाची पावलं जशी लांबून ओळखू येतात तशी मला आता ती कुठेही ओळखू येईल. अकराव्या ट्रॅकला हाच खाल्लेला ठोका परत येतो, हळू लयीत. म्हणून म्हणतो, ३८ मिनिटं आहेत, एकदा तरी क्रमाने, शफल बंद करून ऐक. क्रम त्याने विचार करून लावलाय, एका ट्यूनिंगचे तीन ट्रॅक मुद्दाम लांब लांब ठेवलेत.

आता अहिराणीचं. होऊ शकतं, आणि कोणीतरी करावं असं मला मनापासून वाटतं, पण जे होताना मी बघतो ते बरेचदा फसतं. लोक कानबाईचं, आपल्या खानदेशातल्या देवीचं, गाणं घेतात, खाली जी मेजर, सी मेजर, डी मेजर टाकतात आणि त्याचं बालगीत होऊन बसतं. कारण ही गाणी चारपाच स्वरांत फिरतात, बायका दोन गटांत म्हणतात, एकीने ओळ टाकली की बाकीच्या उचलतात, आणि ग कधी कोमलकडे झुकतो कधी मधेच कुठेतरी राहतो. तू खाली ठणठणीत मेजर कॉर्ड ठेवलीस तर त्या ग ला तू दावं बांधलंस. मग वाजवताना कानाला टोचतं, आणि आपण समजतो गाणारीचाच सूर गेला.

त्यापेक्षा डॅडगॅड लाव, ग नसलेलं. अंगठ्याने नुसता सा-प धरून ठेव, कॉर्ड बदलूच नको. चाल वरच्या दोन तारांवर काढ आणि जिथे गळा घसरतो तिथे दोन वेगळे स्वर छेडू नकोस, एकदाच छेड आणि डाव्या बोटाने सरक किंवा तार ओढ. गिटारला फ्रेट आहेत म्हणून मींड येत नाही असं नाही, पोलादी तार अर्धा स्वर आरामात ओढली जाते. आणि पहिला गट, दुसरा गट हे पण दाखवता येतं, एक ओळ पुलाजवळ टोकदार वाजव, तीच ओळ परत भोकाजवळ मऊ वाजव. मी हे क्लासमधल्या पोरांना करायला लावतो. खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन म्हणाले, "हाई काय टुंगटुंग चालू शे रे भो, पण गाणं वळखीचं वाटी राह्यनं." गिटारबद्दल मला मिळालेला हा सगळ्यात चांगला अभिप्राय आहे.

एक अट मात्र आहे, आधी गाणं गाणारीकडून ऐक. आजी, मावशी, कोणीही. यूट्यूबवरचं डीजे व्हर्जन घेऊन त्याचं फोक करायला गेलास तर त्यात आधीच कीबोर्डवाल्याने सगळे स्वर सरळ करून टाकलेले असतात, तुझ्या हाती काही लागणार नाही.

शेवटी, तू वाजवतोस म्हणून. नुसतं ऐकून काही ट्रॅक उघडणार नाहीत, सातवा ट्रॅक हातात घे, हळू आहे आणि डावा हात सोपा आहे. ट्यूनर नसला तरी चालेल. सहावी तार ढिली करत चौथ्या तारेशी जुळव, एक सप्तक खाली. दुसरी तार पाचव्या तारेशी जुळव, एक सप्तक वर. पहिली तार चौथीशी, तीही एक सप्तक वर. बाकी तिन्हींना हात लावू नको. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, आणि पहिले चार दिवस फक्त अंगठा, बोटं अजिबात नाही, त्या ट्रॅकच्या बरोबर. कंटाळा येईल, येऊ दे. सहावी तार ढिली झाल्यामुळे जोरात मारलीस तर भुरभुरेल, तर हलकं वाजव, तोही हलकंच वाजवतोय. आणि परत नेहमीच्या ट्यूनिंगला येताना पहिली तार सावकाश चढव, जुनी तार असेल तर तिथेच तुटते, तोंड जवळ नेऊन खुंटी पिळू नकोस.

चौथ्या ट्रॅकच्या मधे एका ठिकाणी तो खर्ज कुठल्या बोटाने घेतो ते मला अजून नीट लागलं नाहीये, डावा अंगठा मानेवरून आणून सहावी तार दाबतो असं वाटतं. तुला वेगळं काही ऐकू आलं तर लिही.